जोडी सुटली की अडणारं घोडं: एकट्यानं रपेटीला न्यायचं कसं

जोडीनं काढलं की हेच घोडं उसाच्या ट्रॅक्टरशेजारूनही मुकाट जातं. एकटं काढलं की वस्तीच्या शेवटच्या घरापाशी पाय रोवतं. मान मागं वळते, लांबलचक खिंकाळी निघते, टाच लागली की शेपूट झटकतं, दुसरी टाच लागली की गर्रकन फिरतं आणि स्वाराला घेऊन किंवा पाडून तबेल्याकडं सुटतं. गावात त्याला अडेल म्हणतात, हरामी म्हणतात. हातात चाबूक येतो आणि दुखणं दुप्पट होतं.

घोडं कळपाचं जनावर आहे. कळपात एक उभं राहून राखण करतं तेव्हाच दुसरं अंग टाकून झोपतं. एकट्या घोड्याला गाढ झोपसुद्धा नीट लागत नाही. तेव्हा सोबत सोडून उजाड माळावर जायला सांगणं म्हणजे त्याच्या लेखी जिवावरचं काम. हट्ट त्यात आहेच, पण तो नंतर चिकटलेला. सुरुवात भीतीनं होते. एकदा फिरलं, स्वार घाबरून माघारी आला, म्हणजे फिरल्यावर घर मिळतं हे त्याला कळलं. पुढच्या वेळी ते लवकर फिरतं.

आपल्या सातारा-सांगली भागात हा दोष का जास्त दिसतो, तेही बघा. पाचगणीच्या टेबललँडवर किंवा महाबळेश्वरच्या वेण्णा तलावापाशी पर्यटकांना फिरवलेलं घोडं विकत घेतलं, तर त्यानं आयुष्यभर पुढच्या घोड्याच्या शेपटीमागं किंवा दोर धरलेल्या पोराच्या मागं चालायचं एवढंच केलेलं असतं. वरातीचं घोडं माणसांच्या गराड्यात आणि साईसाच्या हातात वाढलेलं. दोघांनाही पाठीवरचा माणूस दिशा ठरवतो हे कुणी शिकवलेलंच नसतं. तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाला पालखीचं उभं रिंगण होतं, तिथंही घोडी दोन असतात, पुढं स्वाराचा आणि मागं मोकळा. श्रद्धेचा भाग वेगळा, पण घोड्याच्या बाजूनं पाहिलं तर एक पळालं की दुसरं मागं राहत नाही. हीच ओढ रपेटीत आडवी येते.

आधी दुखणं शोधा

ज्याची पाठ दुखते तेही अडतं. सोबत असली की घोडं दुखणं सोसून चालतं, एकटं असलं की सोसत नाही. म्हणून 'जोडीनं तर नीट चालतं' एवढ्यावरून दुखणं नाही असं ठरवू नका.

रपेट झाली की खोगीर उतरवा आणि पाठ पुसायच्या आधी बघा. सगळी पाठ घामानं सारखी भिजलेली हवी. मध्येच तळहाताएवढा कोरडा डाग राहिला असेल तर तिथं खोगीर इतकं दाबतंय की घामही सुटत नाही. त्या जागी पुढं पांढरे केस येतात, मग जखम. मानेच्या बुडाशी जो उंचवटा असतो त्यावर, स्वार बसलेला असताना, खोगिराखाली उभी दोन-तीन बोटं गेली पाहिजेत. मग पाठीच्या कण्यापासून चार बोटं अंतर सोडून दोन्ही बाजूंनी अंगठ्यानं हळूहळू दाबत मागं जा. एका जागी पाठ खाली दबली, कान मागं गेले किंवा कातडी थरथरली, तर शिकवण थांबवा आणि पाठ बरी होऊ द्या.

दातही बघा. घोड्याच्या वरच्या दाढांना गालाकडून आणि खालच्या दाढांना जिभेकडून धार येते. वर्षातून एकदा ती घासून घ्यावी लागते. चावताना घास गळत असेल किंवा लगाम ओढला की डोकं वर झटकत असेल, तर संशय दातांवर घ्या. नाल पाच ते सात आठवड्यांनी बदलायचा. यातलं काही स्थानिक पातळीवर होत नसेल तर शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा रस्ता धरा.

वजनाचा हिशेब बहुतेकांना आवडत नाही, पण करावा लागतो. घोड्याच्या छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजा. खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, एवढे किलो. घेर १५० आणि लांबी १३५ असेल तर घोडं साधारण २५५ किलोचं. खोगिरासह स्वाराचं वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, म्हणजे इथं ५१ किलो. अशा तट्टावर ८० किलोचा गडी बसला आणि घोडं गावाबाहेर जाईना, तर ते शहाणं आहे.

दाण्याचंही तेच. रोज एक तास हलकी रपेट असलेल्या घोड्याला वैरण हाच मुख्य आहार. वजनाच्या सुमारे दोन टक्के सुकी वैरण, म्हणजे वरच्या घोड्याला पाच किलोच्या आसपास. भिजवलेला हरभरा भरपूर आणि काम कमी, असं झालं की ती ताकद कुठंतरी निघणारच. सुट्टीच्या दिवशी दाणा निम्म्यावर आणा. उसाचं वाढं फुकट मिळतं म्हणून त्यावरच घोडं ठेवू नका. रपेटीआधी अर्धा तास मूठ-दोन मुठी लसूणघास द्या. घोड्याच्या पोटात आम्ल सतत पाझरतं आणि रिकाम्या पोटी दुडकी चाल धरली की ते वर उसळतं. त्याची आग झाली की खोगिराचा पोटपट्टा, म्हणजे तंग, आवळतानाच घोडं चावायला येतं.

घोडी असेल तर माजाच्या पाच-सात दिवसांत नवा धडा देऊ नका. खच्ची न केलेला घोडा माद्यांच्या नादानं ओरडत असेल तर तो प्रश्न निराळा. त्याला अनुभवी माणूसच हवा.

कान फिरण्याची जागा

पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. लगाम नको, खोगीर नको. साधी मोरखी, म्हणजे कडीशिवायची तोंडबांधणी, आणि १२ फुटी दोर घ्या. सोबती घोडं बांधलेलं राहू द्या आणि आपलं घोडं चालवत लांब न्या. त्याच्या डोक्याकडं बघा, रस्त्याकडं नाही.

सगळ्यात आधी एक कान मागं फिरतो, सोबत्याच्या दिशेनं, आणि तिथंच राहतो. अजून काही बिघडलेलं नसतं. दहा-बारा पावलांवर चाल आखूड होते. मग मान वर जाते, नाकपुड्या फुगतात. मग खिंकाळी. मग पातळ लीद. त्यानंतर तुम्हाला खांद्यानं ढकलून फिरणं. बहुतेक जण खिंकाळी झाल्यावर जागे होतात. तोवर उशीर झालेला असतो, कारण त्या अवस्थेत घोडं काही शिकत नाही.

जिथं कान फिरला तिथं चुन्याची रेघ मारा किंवा दगड ठेवा. पावलं मोजून वहीत लिहा. कुणाची ही जागा २०० पावलांवर असते, कुणाची तबेल्याच्या दारातच. दारात असली तरी बिघडत नाही, काम दारातून सुरू करायचं. रोजचं काम या रेघेच्या आधी पाच पावलं ते पुढं दहा पावलं एवढ्याच पट्ट्यात. रेघ आपोआप पुढं सरकते. तिला ओढून पुढं नेलं की दुसऱ्या दिवशी ती पूर्वीपेक्षा मागं सापडते.

तबेल्यातला पहिला आठवडा

बसायची घाई नको. आपलं घोडं वैरण खात असताना सोबत्याला दोन मिनिटं बाहेर न्या आणि परत आणा. परत यायची वेळ महत्त्वाची: आपलं घोडं खिंकाळत असताना सोबती आत यायला नको, नाहीतर ओरडलं की तो येतो असा अर्थ लागतो. दोन श्वास गप्प बसलं की आणा. दिवसातून चार-पाच वेळा करा. दोन मिनिटांची पाच, पाचांची दहा, मग वीस. कधी सोबत्याला न्या, कधी याला. खाणं सोडून फेऱ्या मारायला लागलं तर वेळ जास्त झाली, निम्म्यावर या.

'चार दिवस एकटं कोंडून ठेवा, येईल ताळ्यावर' हा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. घोडं घामाघूम होतं, खाणं सोडतं, पोटशूळ उठू शकतो, आणि सोबत्याची ओढ वाढते.

याच आठवड्यात दोरावर तीन गोष्टी पक्क्या करा: सांगितलं की थांबणं, दोन पावलं मागं सरणं आणि मागचे पाय बाजूला टाकणं. तिसरी सर्वांत उपयोगी. दोरानं डोकं थोडं आपल्याकडं वळवा, मागच्या बरगडीपाशी दोन बोटांनी दाब द्या आणि आतला मागचा पाय बाहेरच्या पायापुढून पडला की त्याच क्षणी दाब सोडा. घोडं दाबानं शिकत नाही, दाब सुटल्यानं शिकतं. सोडायला उशीर झाला तर ते भलतंच काहीतरी शिकतं. दोन्ही बाजूंनी पाच-पाच वेळा, दहा मिनिटांत काम संपवा. मागचे पाय आडवे पडत असताना घोड्याला उडी मारता येत नाही आणि पळताही येत नाही, हे पुढं पाठीवर बसल्यावर कामी येतं.

सोबत्याजवळ काम, लांब आराम

आजवर घोड्याचा हिशेब असा होता: बाहेर गेलं की काम, घरी आलं की दाणा, पाणी, सावली, खरारा. हा हिशेब उलटा करायचा.

सोबत्यापासून वीस पावलांवर, १२ फुटीऐवजी २५ फुटी दोर लावून, १२ ते १५ मीटर व्यासाचं रिंगण धरा. दोन मिनिटं डावीकडून दुडकी, दोन मिनिटं उजवीकडून, मध्येमध्ये थांबवून मागचे पाय टाकायला लावा. ओरडणं नको, चाबूक फटकावणं नको. चेहरा कोरा ठेवा. मग शांतपणे चालवत रेघेच्या पाच पावलं पुढं न्या आणि उभं करा. दोर सैल सोडा, मानेच्या बुडाशी खाजवा. घोडे एकमेकांना तिथंच खाजवतात आणि तिथं हात फिरला की त्यांची नाडी शांत होते. मूठभर चारा तिथंच द्या. मान खाली आली, ओठ सैल पडले, एक मागचा पाय सैल सोडला, की परत या. पुन्हा रिंगण.

तीन-चार फेऱ्या पुरे. रिंगणातलं काम शिक्षा होऊ द्यायचं नाही. घाम निथळेपर्यंत पळवलं तर घोडं सोबत्याला नाही, तुम्हाला टाळायला शिकेल. शिवाय लहान रिंगणात जास्त वेळ पळवल्यानं सांधे आणि नळ्या बिघडतात. आटपाडी-जतकडं एप्रिल-मे महिन्यात सकाळी आठच्या आत आवरा.

पाठीवर बसल्यावर

साधारण तिसऱ्या आठवड्यात, दोरावर रेघ १०० पावलं तरी पुढं गेली असेल तर खोगीर चढवा. डोक्यावर हेल्मेट, पायात टाचेचा बूट, म्हणजे पाय रिकिबीत अडकणार नाही. घोड्याच्या गळ्यात एक जुना चामडी पट्टा बांधा. तोल गेला की तो धरायचा, लगामाला लटकायचं नाही. तोंडात साधी, मध्ये सांधा असलेली गुळगुळीत कडी. काटेरी लगाम हातात घेऊ नका. १९६५ च्या ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठीच्या नियमांत त्याला मनाई आहेच, आणि तोंड फाटलेलं घोडं पुढचे पाय उचलायला शिकतं.

जागा निवडताना ऊसतोडीचा हंगाम लक्षात घ्या. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत कारखान्याच्या रस्त्यांवर ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग असते. त्या रस्त्यावर एकटं घोडं शिकवणं हा मूर्खपणा. पाटाच्या कडेची वाट, पीक निघालेलं रान, मुरमाड माळ उत्तम. येरळेच्या कोरड्या पात्रात अडेल घोडं दमवायला नेतात. खोल वाळूत पायांच्या शिरा ताणल्या जातात, तेव्हा तिथं चालीपलीकडं जाऊ नका. टेबललँडचा जांभा पावसाळ्यात निसरडा असतो, नाल असलेलं घोडं तिथं गर्रकन फिरलं तर बसकण मारतं.

पहिल्या दिवशी ओळखीचा माणूस पायी शेजारी चालू द्या, दोर न धरता. रेघेच्या दहा पावलं पुढं जा, थांबा, खाजवा. घोडं गप्प असताना, आणि गप्प असतानाच, माघारी वळा. परतीचा सगळा रस्ता चालीनं. दुसऱ्या दिवशी दोन-तीन वेळा जा, दरवेळी वळायची जागा वेगळी. त्याच झाडापाशी रोज वळलात तर आठ दिवसांत घोडं त्या झाडापाशी स्वतःच वळेल. शक्य असेल तिथं गेल्या वाटेनं परत न येता वळसा घालून या.

घरी आल्यावर दारात उतरायची सवय मोडा. दारावरून पुढं जा, पाच मिनिटं आणखी काम घ्या, मग पुन्हा १०० पावलं बाहेर जाऊन तिथं उतरा, तंग सैल करा, खोगीर काढा आणि चालत आणा. पाण्याची बादली आणि थोडी वैरण आधीच तिथं ठेवली असेल तर आणखी बरं. हे कंटाळवाणं आहे आणि लोक इथंच आळस करतात.

दुसरा स्वार मिळाला तर त्याचा चांगला उपयोग होतो. आधी शेजारी चाला, मग वीस पावलांनी आलटून पालटून पुढं-मागं व्हा. मग समोरासमोर एकमेकांना ओलांडा. मग एका मोठ्या झाडाला किंवा विहिरीला एकानं डावीकडून, दुसऱ्यानं उजवीकडून वळसा घालायचा, म्हणजे अर्धं मिनिट सोबती दिसत नाही आणि पुन्हा भेटतो. शेवटी फाट्यावर वाटा वेगळ्या करून दहा मिनिटांनी भेटायचं. सोबत्यानं कधीही दुडकीनं दूर जाऊ नये. मागं राहिलेलं घोडं त्या टापांच्या आवाजानंच पेटतं.

खोडी केली तर

पाय रोवले तर टाचा हाणत बसू नका. डोकं एका बाजूला वळवून मागचे पाय एक पाऊल टाकायला लावा, मग दुसऱ्या बाजूला. पाय सुटले की पुढं जायला सांगा आणि घोड्याच्या अंगाचा भार जरा जरी पुढं झुकला तरी टाच ढिली करा.

गर्रकन फिरण्याची प्रत्येक घोड्याची एक ठरलेली बाजू असते. ते डावीकडं फिरलं तर पूर्ण चक्कर मारून तोंड समोर आणू नका, उजवीकडूनच परत वळवा. चक्कर पूर्ण करू दिली तर फिरणं त्याच्या मनासारखं झालं.

घराकडं तोंड होताच थयथय सुरू झाली तर दोन्ही लगाम ताणून धरण्याचा उपयोग नाही, त्यानं ते आणखी तापतं. वळवून पुन्हा बाहेरच्या दिशेनं दहा पावलं न्या. चालीवर आलं की घराकडं वळा. पहिल्या दिवशी २०० मीटरला अर्धा तास लागेल. वेळ काढूनच निघा.

दुगाण्या झाडताना घोड्याला डोकं खाली घालावं लागतं. एका लगामानं डोकं वर आणि बाजूला घ्या, पुढं चालवा. उधळलं तर सुरुवातीच्या दोन-तीन ढांगांतच एक लगाम हळूहळू आखूड करून मोठ्या वर्तुळात घ्या. वेग चढल्यावर, डांबरावर किंवा उतारावर एकाच लगामाला हिसका दिला तर घोडं आडवं पडतं. तिथं नांगरट किंवा चढ गाठायचा.

पुढचे पाय उचलणं सगळ्यांत धोक्याचं. त्या क्षणी लगाम सोडून द्या, अंग पुढं टाका, हात आयाळीत किंवा गळपट्ट्यात. मागं ओढलंत तर घोडं पाठीवर, म्हणजे तुमच्यावर, पडेल. पाय खाली टेकले की लगेच वळवून पुढं चालवा. हे दोनदा झालं तर बसणं बंद करा, पाठ आणि दात पुन्हा तपासा आणि दोरावरच्या कामावर या. ज्याला ही सवय जडलीय ते घोडं नवख्यानं सुधारायचं काम नाही.

आणि खिंकाळलं तर खिंकाळू द्या. त्याबद्दल मार नको. पाय तुमच्या सांगण्यावर चालतायत ना, एवढंच बघा.

आठवड्यातून पाच दिवस, रोज ३० ते ४० मिनिटं धरली तर सहा ते आठ आठवड्यांत बहुतेक घोडी एकट्यानं दोन-तीन किलोमीटर जातात. मध्ये पावसानं किंवा लंगडण्यानं पंधरा दिवस खंड पडला तर रेघ पुन्हा मोजा, जुन्या आकड्यावरून सुरू करू नका. नवं घोडं तबेल्यात आलं तरी तसंच, पहिले दहा-पंधरा दिवस ओढ परत उसळते.

राहता राहिलं मागं उरलेलं सोबती घोडं. त्याच्याकडं कुणाचं लक्ष नसतं आणि अर्धा गोंधळ तेच घालतं. ते दावणीला ओरडत राहिलं तर रपेटीवरचं घोडं अर्ध्या किलोमीटरवरून साद देतं. तुम्ही निघायच्या दहा मिनिटं आधी त्याच्यापुढं वैरण टाका. अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून आणि मागच्या पायांना दोर, घट्ट बांधून ठेवू नका, दोर पायात गुंतून कातडी सोलते. आवारात मोकळं सोडता आलं तर उत्तम. शेजारी शेळी किंवा वासरू असलं तरी बराच फरक पडतो. पहिले काही दिवस एक माणूस तिथं थांबवा आणि ते खाणं सोडून उठलं तर किती वाजता उठलं, हे लिहायला सांगा. तुम्हीही आपलं घोडं किती वाजता ओरडलं ते वहीत लिहा. दोन्ही वेळा ताडून बघितल्या की दोघांतलं आधी कोण बिथरतं ते कळतं.